कॉलरचं माप

४ फेब्रुवारी

चि. बटण यास,

ताईचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आम्ही सगळे म्हणजे मी आणि दोन मशिनं, आणि त्यातलंही बाबांचं मशीन आता फक्त काजं करायच्या कामाचं उरलंय.

शेहेचाळीस वर्षांच्या बाप्याला अजून बटण म्हणते म्हणून तोंड वाकडं करू नकोस. चार वर्षांचा असताना माझ्या फ्रॉकचं निळं बटण गिळलंस. बाबांनी तुला पायाला धरून उलटा टांगला, पाठीत धपाटे घातले, आणि पुढे दोन दिवस भांडं घेऊन तुझ्या मागे बसायचं काम माझ्याकडे आलं. बटण मिळालं. उकळत्या पाण्यातून काढून त्याच फ्रॉकला लावलं. एवढं केल्यावर तुला काय हाक मारायची ते मीच ठरवणार.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हं" म्हणतोस, "बरं" म्हणतोस आणि "ठेवतो" म्हणतोस. तेवढ्यात माझं काही बसत नाही.

कारण तसं किरकोळ आहे. गेले आठ-नऊ महिने मला गिळायला त्रास होतोय. पहिल्यांदा पाव अडकला. म्हटलं, घाईघाईत खाल्ला, भोगा आता. मग भात अडकायला लागला. आता तर पाणीसुद्धा छातीपाशी येऊन थांबतं, आणि त्याची मर्जी असेल तेव्हा खाली जातं. जेवता जेवता मला उभं राहावं लागतं, खांदे मागे ओढून दोन पावलं चालावं लागतं, तेव्हा कुठे घास सरकतो. दुकानात गिऱ्हाईक असेल तर पाठीत उसण भरलीय म्हणून सांगते. शेजारची इस्त्रीवाली मात्र फसत नाही. तिने परवा विचारलं, "ताई, तुमचे कपडे तुम्ही कितव्यांदा आत घेताय?" म्हटलं, फॅशन आहे. ती हसली नाही.

मोठ्या इस्पितळात जाऊन आले. डॉक्टर तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तोंडातून कॅमेरा घालून बघितलं आणि म्हणाला, गाठबिठ काही नाही. मी म्हटलं, सुटले बाई. तर म्हणतो, नाही, आता अन्ननळी घास ढकलते की नाही, ते मोजायचंय. मोजायचंय म्हटल्यावर मला जरा धीर आला. मोजण्यातलं आपल्याला कळतं.

नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात. आपल्या टेपवर जशा इंचांच्या खुणा असतात तशा तिच्यावर दाब मोजायच्या जागा असतात. तयारीचा कागद दिलाय, तो मी आरशाला टाचून ठेवलाय. आम्लपित्ताच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. शेवटचे दोन दिवस नुसतं पातळ. सहा तास आधीपासून पाण्याचा थेंबही नाही. मग ते नळी घालणार आणि चमच्या-चमच्याने दहा वेळा पाणी देणार. एका चमच्याला एकदाच गिळायचं, आणि मधे अर्धा मिनिट काही म्हणजे काही गिळायचं नाही, तोंडातलं पाणीसुद्धा नाही. मी घड्याळ लावून सराव करते. एरवी तोंड कोरडं पडलेलं असतं, पण "गिळू नका" म्हटलं की मेलं तेव्हाच भरून येतं.

तारीख सव्वीस मिळालीय. तोवर काय खाल्लं नि कुठे अडकलं याची रोज नोंद ठेवायचीय. आजची नोंद: पातळ खीर, अर्धी वाटी, पाऊण तास.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. एक फॉर्म भरून न्यायचाय. त्यात अकरावा प्रश्न असा आहे: "रक्ताच्या नात्यात कुणाला गिळण्याचा त्रास होता का? होता, नव्हता, माहीत नाही." मी "माहीत नाही" वर पेन्सिलीने खूण केलीय. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा, मी दहाची, तिचं काही आठवत नाही. बाबांचं तुला काही आठवतंय का? म्हणजे शेवटी शेवटी. तू होतास तेव्हाचं. आठवत असेल तर दोन ओळी लिही, नसेल तर राहू दे.

सोबत कुणीतरी हवं म्हणतात. इस्त्रीवाली येईल. तू येऊ नकोस, उगीच रजा पडेल. हे आपलं आधीच लिहिलं, म्हणजे तुला नाही म्हणायचा त्रास नको.

माझ्या भाचीचा फोटो तिच्या आईने पाठवला होता. कपाळ आपल्या घरचं आहे. शाळेचा कोट तिला खांद्यात बसत नाही, कुणी शिवला?

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

चि. बटण,

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू सात दिल्यास. सातही पाठ झाल्या. तुझ्याच तुला परत लिहून दाखवते.

"फॉर्मवर लिही की बाबांना आजार नव्हता, मुलगा होता. त्यांनी माझ्यामुळे अन्न सोडलं, हे तूच मला कळवलं होतंस. त्याची शिक्षा मी भोगतोच आहे. ताटावर बसलं की ते आठवतात आणि घास छातीतच राहतो, अर्ध्या जेवणातून उठावं लागतं. बायको डॉक्टरकडे चला म्हणते, तिला सांगितलं की हे औषधाने जाणारं नाही. एकच समाधान आहे, शेवटचा घास त्यांनी माझ्या हातून घेतला. पुन्हा हा विषय नको."

मी कोटाची बाही कापत होते. कात्री खाली ठेवली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या. तो म्हणाला, ताई, उद्या माझं लग्न आहे. म्हटलं, मग संध्याकाळी या. माझी पाचावर धारण बसली होती.

अर्ध्या जेवणातून उठावं लागतं? गाढवा, कधीपासून? पाणी प्यायल्यावर घास पाण्यासकट वर येतो का? रात्री तोंडातून पाणी परत येऊन सकाळी उशी ओली असते का? खांदे मागे ओढल्यावर बरं वाटतं का? कॉलर सैल झालीय का? हे शेवटचे चार प्रश्न माझे नाहीत, इस्पितळात तयारीचा कागद देणाऱ्या मुलीने मला विचारले. चारही प्रश्नांना मी "हो" म्हटलं, तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आता जे लिहिते ते बावीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तेव्हा मूग गिळून बसले, आणि गेल्या पत्रातलं "माहीत नाही" हेही खोटंच.

बाबांचे शर्ट मीच शिवायचे. तू घर सोडलंस तो जून. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात मी त्यांच्या नव्या शर्टाचं माप घेतलं. कॉलर पंधरा. वहीत आदल्या वर्षीची साडेपंधरा होती. मी म्हटलं, टेप ताणली असणार. वापरून वापरून कापडी टेप लांबते आणि लांबलेली टेप माप कमी दाखवते, तुला सांगायला नको, सहा वर्षं दुकानात काढलीस. मी ती टेप गुंडाळून खणात टाकली आणि नवी आणली. जानेवारीत नव्या टेपने साडेचौदा. मार्चात चौदा. शिंप्याला आधी टेपचा संशय येतो, मग आपल्या डोळ्यांचा, माणसाचा सगळ्यात शेवटी. माझ्या हाताखाली बाबा अर्धा अर्धा इंच कमी होत होते आणि मी दुकानदाराला जाऊन सुनावत होते की कसल्या टेपा विकतोस.

आकडे पुन्हा वाच. मार्च. तू "जातो" म्हणालास जूनमध्ये.

त्या संध्याकाळचं तुला काय आठवतं ते मला माहीत आहे. तू म्हणालास, कारखान्यात नोकरी लागलीय, सोमवारी निघतो. बाबांनी ताट सारलं, एक शब्द न बोलता उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. तू तेवढंच पाहिलंस. मी त्यांच्या मागोमाग गेले. ते नळापाशी वाकले होते, छातीवर मूठ दाबलेली. खाल्लेला भात जसाच्या तसा बाहेर आला. तू काय म्हणालास ते त्यांनी नीट ऐकलंही नव्हतं. त्या घासाशी झगडण्यातच त्यांचा सगळा जीव होता.

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, टाचणी गेलीय गं पोटात.

त्यांची सवय तुला आठवते ना? दिवसभर ओठांत चार टाचण्या, आणि त्या तशाच ठेवून बोलायचे. त्यांना वाटत होतं की बोलता बोलता एक आत गेली आणि छातीत कुठेतरी रुतून बसली. कुणाला सांगायची चोरी. म्हणाले, "चाळीस वर्षं मुरलेला कारागीर टाचणी गिळतो म्हणजे बाजारभर हसं. आणि त्या पोराला एका बटणासाठी मी काय बदडलं होतं. त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर थांबेल तो. जाऊ दे त्याला." मला शपथ घातली. गल्लीतल्या डॉक्टरकडून पांढरं पातळ औषध आणायचे, आम्लासाठी म्हणून, आणि माझ्यादेखत प्यायचे. कसली टाचणी नि कसलं काय. त्यांची अन्ननळी बंद पडत होती, माझी पडतेय तशी.

जाऊ दे त्याला, असं म्हणाले होते ते. आणि मी काय केलं? तू गेल्यानंतरच्या ऑक्टोबरात तुला लिहिलं, "तू गेलास त्या दिवसापासून बाबांनी अन्न सोडलं आहे." वाक्य माझं. बाबांना त्याचा पत्ताही नव्हता.

का लिहिलं ते विचार. दोन मशिनं, आजारी माणूस, बारा लग्नांचे कोट, आणि मी तेहेतीस वर्षांची. माझं लग्न व्हायचं राहिलं ते राहिलंच होतं. तुला आंघोळ घालण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं मी केलं आणि तू बॅग उचलून चालू लागलास. मला तू परत हवा होतास. नुसतं "ये" म्हणून तू आला नसतास, म्हणून असं लिहिलं की तुला यावंच लागेल. राग होता रे, दुसरं काही नाही.

तर तुझी शिक्षा कुणी ठरवलेली नाही, मी एका दुपारी रागाने लिहिली. ती सोडून दे आणि डॉक्टरकडे जा. आमचा डॉक्टर म्हणतो, हे घराण्यात उतरणं क्वचित, पण नाहीच असं म्हणता येत नाही. लवकर कळलं तर अन्ननळीचं खालचं तोंड मोकळं करता येतं. उशीर झाला की नळी सैल पडते, पिशवीसारखी, आणि मग काही करता येत नाही. हे तो माझ्याविषयी बोलत होता. तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेस.

आजची नोंद: गाळलेलं सूप, एक वाटी, त्यातलं निम्मं परत.

लगेच लिही.

ताई


२५ फेब्रुवारी

बटण,

काल तू स्वतःहून फोन केलास. अकरा मिनिटं बोललास. बावीस वर्षांत इतकं कधी बोलला नव्हतास, आणि एक शब्दही मला हवा तो बोलला नाहीस.

मी ओरडेन, शिव्या देईन याची तयारी ठेवली होती. तू तर लाडात येऊन बोललास. "ताई, घाबरलीस ना? घाबरलीस म्हणून मला मोकळं करायला निघालीस. कॉलरचं माप काय, टाचणी काय! लहानपणी मी मार खाऊ नये म्हणून तू अशाच गोष्टी रचून सांगायचीस बाबांना. मला कळतं सगळं. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस आता, आपलं बघ." आणि मग, "बाबांनी माझ्यामुळे अन्न सोडलं आणि शेवटी माझ्याच हातून घेतलं. तेवढं एक माझं आहे, त्याला हात लावू नकोस."

मी खोटं लिहिलं ते तू बावीस वर्षं छातीशी धरलंस, आणि खरं लिहिलं तर म्हणतोस ताईची माया. यात तुझा काय दोष? मीच तुला अशी सवय लावली. मधे विचारलं, उशी ओली असते का? तू म्हणालास, "ते असतंच." नंतर तुझी बायको फोनवर आली आणि हळूच म्हणाली, वर्षभरात नऊ किलो उतरलेत, ताई, मी काय करू?

रात्रभर विचार केला. तुला वाटतं मी हे प्रेमाने रचतेय. तर आता जे कुणी प्रेमाने रचणार नाही ते लिहिते. याला हात लावू नकोस म्हणालास. लावते.

तू आलास तेव्हा जानेवारी होता. बाबांचं सगळं पातळावर चाललं होतं. उशांना टेकवून बसवायचं, चमच्याने थोडं थोडं द्यायचं, दिल्यावर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. हा नियम मी घातला होता, कारण आदल्याच आठवड्यात दोन शितं दिली तर त्यांना असा ठसका लागला की ओठ निळे पडले. घट्ट काही द्यायचं नाही हे त्या घरात दोन माणसांना माहीत होतं, बाबांना आणि मला.

तू खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस. तडक आत गेलास, वाटीत मऊ भात कालवलास आणि पलंगाच्या कडेला बसलास. म्हणालास, "बाबा, चुकलो. राग सोडा. माझ्यासाठी एवढा एक घास." मी दारात उभी होते. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. कसला राग, कशाबद्दल चुकला, हे त्यांना कळेना. ते मला विचारत होते की हा काय म्हणतोय, आणि खाऊ का नको.

मला नुसतं "नको" म्हणायचं होतं. एक शब्द. पण नको म्हटलं असतं तर तू का विचारलं असतंस, आणि मग ते पत्र उघडं पडलं असतं, बाबांच्या समोर. मी गप्प राहिले.

त्यांनी तोंड उघडलं. तीन घास घेतले, बटण. तिसऱ्याला त्यांचा हात चादरीवर आवळला होता, तुझ्या पलीकडच्या बाजूला, तुला दिसला नाही. तू रडत होतास, हसतही होतास, माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, बघ, खाल्लं!" आणि मी म्हटलं, "हो ना." मग तूच त्यांना प्रेमाने आडवं केलंस, पाय चेपलेस. संध्याकाळी खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी गेले. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाला, अन्न फुप्फुसात उतरलं. तुला मी सांगितलं, न्यूमोनिया.

आता बसला विश्वास?

तो घास तुझा नाही. तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. मन राखायचं असतं तर हे पान लिहिलंच नसतं, तुझं ते एक समाधान तुझ्यापाशी राहू दिलं असतं. तेच करणार होते. माझ्याबरोबर हे संपलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण तू जेवणातून उठतोस आणि त्याला शिक्षा म्हणतोस. माझ्या खोट्या वाक्याने घरातला एक माणूस नेला, दुसरा नेऊ देणार नाही.

आणखी एक, तेही नीट वाच. बाबा तुझ्यावर रुसून उपाशी राहिले नाहीत. तुझं मन मोडू नये म्हणून खाल्लं त्यांनी.

सोबत मापाच्या वहीतलं पान फाडून पाठवतेय. बाबांचं. तारखा माझ्या हातच्या आहेत, शाई जुनी आहे, कालच्या शाईने असं पान रचता येत नाही. त्याच पानाच्या मागे तुझं माप आहे, तू गेलास त्या आठवड्यातलं. चोरून घेतलं होतं, तुझा वाळत घातलेला शर्ट मोजून, म्हटलं पोराला तिकडे पाठवायला दोन शिवावेत. कॉलर पंधरा. ते शर्ट शिवले नाहीत मी, रागावले होते ना.

पानाबरोबर ती जुनी टेप आहे, ताणली म्हणून मी खणात टाकलेली. परवा लोखंडी पट्टीला लावून पाहिली. ती जराही ताणलेली नव्हती. ती गळ्याभोवती लाव, एक बोट आत घाल आणि बायकोला आकडा वाचायला सांग. चौदा आला तर टेपवर खापर फोडू नकोस. एकदा फोडून झालंय.

हे पत्र तिला वाचू दे. तुला भरवताना कुणीही "माझ्यासाठी एक" म्हणालं तरी घ्यायचं नाही. मुलगी म्हणाली तरी नाही. तुला तिला नाही म्हणता येणार नाही, ते मला ठाऊक आहे, आपल्या घरात कुणालाच येत नाही. म्हणून "नाही" तिच्या आईने म्हणावं.

माझं उद्या सकाळी आठला. दोन दिवस पातळावर आहे. इस्त्रीवाली सहालाच येऊन बसणार म्हणते, तिला मी घाबरट वाटते. सराव पक्का झालाय, अर्धा मिनिट काय, पाऊण मिनिट न गिळता बसते. डॉक्टरला स्पष्टच विचारलं, अन्ननळी ढकलत नाही असं निघालं तर पुढे काय? म्हणाला, खालून मोकळी करू, पण गेलेली ताकद परत येत नाही. किती उशीर झालाय ते उद्या कळेल. मला आजच कळलंय. माझी कॉलर मी स्वतः मोजते आणि माझी टेप नवी आहे.

फॉर्म शाईने भरला. अकराव्या प्रश्नावरची पेन्सिल खोडली आणि "होता" वर खूण केली. पुढे "नातं" म्हणून रकाना आहे, तिथे लिहिलं: वडील. त्याखाली लिहिलं: भाऊ, अजून तपासलेला नाही.

तू या पत्राला उत्तर देणार नाहीस. फोनही करणार नाहीस, आणि माझ्या मागे इथे येणारही नाहीस. ते मी धरून चाललेय. मला बोलू नकोस, चालेल. तपासून तेवढं घे.

पहिल्या पत्रात आशीर्वाद लिहिला होता, आज हात होत नाही.

दारात उभी होती तीच,
ताई